लावणारे हात, जपणारे हात : अथेन्सचे ऑलिव्ह आणि आरेची झाडे

१/
४ मार्च १९५१. गोरेगावच्या पूर्वेकडील टेकड्यांमध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी एक रोप लावले आणि आरे दुग्ध वसाहतीचे उद्घाटन झाले. समारंभाची नोंद येथे संपते. दिनदर्शिका मात्र पुढचे सांगते. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचतो तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे मार्चच्या आरंभी लावलेल्या त्या रोपापुढे जवळजवळ १०० कोरडे दिवस होते. त्या दिवसांत त्याला पाणी घालणे कोणाच्या तरी वाट्याला येणारच होते.

२/
झाड लावणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते. झाड तोडणाऱ्याचे नाव खटल्याच्या कागदांत येते. मधली अनेक वर्षे ते जपणाऱ्याचे नाव सहसा कोठेच येत नाही. आरेचा इतिहास या मधल्या वर्षांच्या अंगाने वाचला, तर अलीकडचा मोठा वादही निराळा दिसू लागतो. त्यासाठी वाटेत २४०० वर्षांपूर्वीच्या अथेन्समधील एका बुंध्यापाशीही थांबावे लागेल.

३/
प्रथम आरे वसाहतीचा काळ. जुलै १९५० मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला. त्यासाठी निवडलेला महिना शेतकऱ्याच्या शहाणपणाला धरून होता : जुलैत जमीन ओली असते आणि रोपाला मुळे धरण्यास पावसाचे पुढचे तीन महिने मिळतात. नव्या स्वतंत्र देशात वृक्षारोपण हा सार्वजनिक समारंभाचा भाग होऊ लागला तो याच सुमारास. आरेतील रोप त्यानंतर आठच महिन्यांनी लावले गेले.

४/
वसाहत स्थापन झाली १९४९ मध्ये आणि तिचे कारण झाडे नव्हते, दूध होते. मुंबईच्या दाट वस्तीत तेव्हा ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. शेण, मूत्र, माशा आणि भेसळीचे दूध यांनी शहर त्रासले होते. हे तबेले शहराबाहेर हलवावेत, म्हशी मालकांच्याच राहाव्यात, परंतु गोठे, चारा, पाणी व दूधसंकलन यांची व्यवस्था सरकारने करावी, अशी ही योजना होती. तिच्यामागील प्रमुख नाव दूध आयुक्त दारा नुसरवानजी खुरोडी यांचे. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मिळाला.

५/
वसाहतीचा विस्तार १२८७ हेक्टर. त्यात ३२ गोठे आणि सुमारे १६,००० जनावरांची सोय. एवढ्या म्हशींना हिरवा चारा हवा, म्हणून गोठे धुतलेल्या पाण्यावर पॅरा गवताची लागवड झाली. ज्या शेणामुळे शहर हैराण होते, तेच येथे टेकड्यांच्या कुशीत खत झाले. रस्त्यांच्या कडेला सावलीची झाडे आली, उद्याने आली; 'छोटा काश्मीर' आणि पिकनिक पॉइंट ही नावे मुंबईकरांच्या तोंडी बसली.

६/
परंतु ही जमीन १९४९ मध्ये मोकळी नव्हती. आरे, मरोळ-मरोशी, पासपोली अशा गावांच्या या हद्दी. वारली आणि मल्हार कोळी कुटुंबे येथे आधीपासून भातशेती करीत होती. प्रजापूरपाडा, खांबाचा पाडा, केलटी पाडा, हबाले पाडा ही नावे सरकारी 'युनिट' क्रमांकांपेक्षा जुनी आहेत. आजही वसाहतीत २७ पाडे सांगितले जातात. वाघोबाला मानणाऱ्या या वस्त्यांच्या आसपास बिबट्यांचा वावर अद्याप टिकून आहे. ओशिवरा नदीचा उगम याच टेकड्यांत होतो आणि मिठी नदी याच परिसरातून वाट काढते.

७/
त्यामुळे आरेतील झाडांचे दोन वंश दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर, शेमट, उंबर, ताड ही मूळची मंडळी. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ ही बाहेरून आणलेली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष व सुबाभूळ अमेरिका खंडातील. काही झाडे कोणी तरी लावली, काही आपोआप उगवली, काही कोणी तोडली नाहीत म्हणून उरली. पुढे न्यायालयात प्रश्न निघाला तो याच गुंत्यातून : हे जंगल म्हणायचे की सरकारी वसाहतीतील लागवड?

८/
झाड कोणाचे, आणि त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न जितका मुंबईचा तितकाच प्राचीन अथेन्सचा. तेथे तो ऑलिव्हच्या झाडावरून पडला. कथा अशी की, नगरावर हक्क कोणाचा यावरून अथीना देवी आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली; अथीनेने अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर ऑलिव्हचे झाड दिले आणि ती जिंकली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अ‍ॅक्रोपोलिस जाळली. दुसऱ्याच दिवशी त्या जळलेल्या बुंध्यातून हातभर कोंब फुटला होता, असे हिरोडोटस सांगतो.

९/
कोंबाची कथा अतिशयोक्त असेल, पण तिच्यामागे शेतकऱ्याचा अनुभव आहे. ऑलिव्हच्या बुंध्याच्या तळाशी सुप्त डोळे असतात. खोड जळाले वा तोडले तरी मूळ जिवंत असेल, तर नवे धुमारे फुटतात. आपल्याकडील पळस आणि सागही तोडल्यानंतर बुंध्यातून फुटतात. म्हणून जाणत्या माळ्याच्या दृष्टीने तोडलेले झाड आणि मेलेले झाड यांत अंतर असते. अथेन्सच्या कायद्याने हे अंतर ओळखले होते.

१०/
अथेन्समध्ये काही ऑलिव्ह 'मोरिआई' म्हणजे पवित्र मानले जात. ते खासगी शेतात उभे असले तरी त्यांच्यावर सत्ता नगराची. त्यांचे तेल पॅनॅथेनिक क्रीडोत्सवातील विजेत्यांना चित्रित मातीच्या कुंभांतून बक्षीस मिळे. सामान्य ऑलिव्हवरही बंधने होती : स्वतःच्या जमिनीतूनही वर्षाला दोनपेक्षा अधिक झाडे उपटता येत नसत, अधिक उपटल्यास दर झाडामागे १०० द्राख्मा दंड. त्याही आधी सोलोनने ऑलिव्ह व अंजीर शेजाऱ्याच्या हद्दीपासून ९ फूट दूर लावावेत असा नियम केला होता, कारण त्यांची मुळे लांबवर जाऊन शेजारच्या झाडांचा आहार खातात.

११/
इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी एका अथेन्सकरावर खटला भरला गेला. आरोप झाड तोडल्याचा नव्हता. त्याने आपल्या शेतातील पवित्र ऑलिव्हचा कुंपण घातलेला बुंधा उखडला, असा होता. न्यायासन अ‍ॅरिओपॅगसचे, दोष सिद्ध झाला तर हद्दपारी आणि मालमत्तेची जप्ती. त्याच्यासाठी बचावाचे भाषण लिहून दिले लिसियास या प्रसिद्ध भाषणकाराने. ते भाषण आजही उपलब्ध आहे. एका बुंध्यासाठी माणसाचे सर्वस्व पणाला लागले होते.

१२/
आरोपीचा एक युक्तिवाद या विषयासाठी मोलाचा आहे. न्यायासनाला उद्देशून तो सांगतो की, या झाडांवर तुमचे लक्ष दर महिन्याला असते आणि दर वर्षी तुमचे निरीक्षक पाहणीस येतात. त्यांपैकी कोणीही माझ्यावर ठपका ठेवलेला नाही. म्हणजे अथेन्सकडे शिक्षेच्या कायद्याबरोबर पाहणीची यंत्रणाही होती. झाड कोठे आहे, कसे आहे, कुंपण शाबूत आहे का, हे ठरावीक कालाने जाऊन पाहणारी माणसे होती.

१३/
पुढे हा धाक ओसरला. त्याचे कारण अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात दिले आहे. पवित्र झाड तोडणाऱ्यास पूर्वी मृत्युदंड होता. नंतर जमीनमालकाने ठरावीक माप तेल नगराला द्यावे, अशी पद्धत पडली. कायदा कायम राहिला, पण खटले बंद झाले; कारण तेल आता झाडाकडून नव्हे, जमिनीकडून वसूल होत होते. तेलाचे माप पुरेसे भरले की कोणते झाड उभे आहे आणि कोणते गेले, याची चौकशी करण्याचे नगराला कारण उरले नाही.

१४/
मुंबईत ऑलिव्ह लावले तर? पाने येतील, फळांची आशा धरू नये. ऑलिव्हला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यातील थंडीचा काळ लागतो, मुळांशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. भारतात त्याची सरकारी पातळीवर लागवड झाली ती राजस्थानात, इस्रायली तंत्रज्ञांच्या मदतीने, २००८ च्या सुमारास. मात्र त्याचे नातलग महाराष्ट्राच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत : मोगरा, जाई-जुई आणि पारिजातक ही सारी ऑलिव्हच्याच कुळातील.

१५/
झाडाच्या वर्षांची किंमत मराठी राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, इ.स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. साग वगैरे परवानगीने घ्यावा. आंबा-फणसासारखी रयतेची झाडे मात्र तोडू नयेत, असा त्याचा आशय. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. जीर्ण झाड घ्यायचेच असेल तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन. येथे हिशेब लाकडाच्या मापाने केलेला नाही. वाढवणाऱ्याने घातलेल्या वर्षांच्या मापाने केलेला आहे.

१६/
आरेतील एक रोप जगवायचे तर ही वर्षे प्रत्यक्षात कशी जातात? टेकड्यांचा दगड काळा बेसॉल्ट, वर मुरमाड मातीचा थर, अनेक जागी पातळ. मेमध्ये खड्डे खणावेत, तळाशी शेणखत व पालापाचोळा भरावा. पहिला दमदार पाऊस झाला की रोप लावावे. मुंबई उपनगरात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. रोपाची परीक्षा पावसाळ्यात क्वचितच होते. ती होते फेब्रुवारीनंतर.

१७/
पाऊस संपताच आळे करून त्यावर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे लागते, म्हणजे ओल टिकते. भोवतीचे गवत कापावे लागते, कारण उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला वणवा लागला तर कोवळी रोपे प्रथम जळतात. गुरे चरणाऱ्या ठिकाणी काट्यांचे कुंपण हवे. वाऱ्यासाठी काठीचा आधार, आणि खोड जाडावताच त्याची गाठ सैल करणारा हात हवा. निदान दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. यातील एकही काम समारंभाच्या दिवशी होत नाही.

१८/
आधुनिक कायद्याने या कामांकडे कसे पाहिले? महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ मध्ये झाला. त्याने वृक्ष प्राधिकरण आणले, तोडण्यास परवानगी सक्तीची केली, झाडांची गणना करण्यास सांगितले आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवे लावण्याची अट घातली. कायदा महत्त्वाचा खरा. परंतु 'एकाच्या बदल्यात एक' या हिशेबात अथेन्सच्या तेलासारखीच एक फट राहिली : संख्या भरली की जबाबदारी संपली, असे मानण्यास वाव राहिला.

१९/
या फटीची कसोटी आरेतच लागली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो-३ मार्गिकेच्या कारशेडसाठी आरेतील जागा ठरली. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २६४६ झाडांबाबत मंजुरी दिली : २१८५ तोडण्यास आणि ४६१ अन्यत्र हलवण्यास. मेट्रोची बाजूही दुबळी नव्हती. लोंढ्यांनी भरलेल्या लोकलला पर्याय हवा होता, आणि रस्त्यावरील गाड्या घटल्या तर हवेचे प्रदूषणही घटणार होते. नागरिक, आदिवासी पाडे आणि विद्यार्थी विरोधासाठी रस्त्यावर आले.

२०/
४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. आरेला जंगल ठरवण्याची मागणीही मान्य झाली नाही. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पाठवलेल्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने तोडणीस स्थगिती दिली. तोवर २१४१ झाडे पडली होती आणि आवश्यक तेवढी झाडे तोडून झाल्याचे सरकारतर्फे सांगण्यात आले.

२१/
पुढील वर्षांत राज्याच्या निर्णयांनी अनेक वळणे घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये कारशेडच्या कामास स्थगिती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा. आरेतील ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वन विभागाकडे. २०२२ मध्ये सत्तांतरानंतर कारशेड पुन्हा आरेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडे काढण्यास मुभा दिली. मात्र आधी केवळ ८४ झाडांची परवानगी असताना त्याहून अधिक झाडांसाठी थेट वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरण्यास सांगितले.

२२/
त्याच आदेशात एक तपशील होता, ज्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पर्यायी वृक्षलागवडीबाबतच्या निर्देशांचे पालन झाले की नाही, हे तपासण्यासाठी आयआयटी मुंबईच्या संचालकांनी एक पथक पाठवावे, असे न्यायालयाने सांगितले. पवईची ही संस्था आरेची शेजारीण. लावलेले रोप जागेवर आहे का, हे कोणी तरी जाऊन डोळ्यांनी पाहावे, ही या आदेशामागील अपेक्षा. अ‍ॅरिओपॅगसचे वार्षिक निरीक्षक ज्यासाठी शेताशेतांत फिरत, ते काम हेच. फरक इतकाच की अथेन्समध्ये तो नित्याचा परिपाठ होता.

२३/
झाड 'हलवणे' हा शब्दही तपासून घ्यावा असा आहे. मोठे झाड उचलताना त्याच्या मुळांचा थोडाच भाग मातीच्या गोळ्यासह निघतो, बाकीची मुळे तुटतात. उरलेल्या मुळांवर भार पडू नये म्हणून फांद्या छाटाव्या लागतात. नव्या जागी महिनोन्‌महिने पाणी, आधार आणि बुरशी-वाळवीपासून बचाव लागतो. ऑलिव्ह हे सोसतो, कारण बुंध्यातून नवी मुळे व फुटवे काढणे हा त्याचा स्वभावच आहे. प्रत्येक जातीचा तो नसतो. यंत्राने झाड एका दिवसात हलते. ते जगले की नाही, हे पुढचे दोन-तीन उन्हाळे ठरवतात.

२४/
२०२१ मध्ये १९७५ च्या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ही ओळख मिळाली. तोडायच्या झाडाचे वय जितके वर्षे, तितकी रोपे लावायची. ती ६ ते ८ फूट उंचीची हवीत. त्यांची जागा नकाशावर नोंदवायची आणि ७ वर्षे त्यांची निगा राखायची. आज्ञापत्रातील विचार येथे पुन्हा भेटतो : झाडाचे मोल त्याच्या वयात आहे. आणि निगा राखण्याची वर्षे कायद्याच्या भाषेत आली.

२५/
आता कसोटी या ७ वर्षांची. कागदावरचे रोप आणि मातीतले रोप यांची गाठ कोण घालून देणार? पाडा जवळ असेल तर तेथील माणसाला वणवा प्रथम दिसतो. वन विभागाकडे अधिकार आहे. आयआयटीसारख्या संस्थेकडे मोजमापाची साधने आहेत. तिघांच्या कामाची एकत्र नोंद ठेवणारी वही असेल, तर ७ उन्हाळ्यांनंतर कोणते रोप झाड झाले हे नेमके सांगता येईल. ती नसेल, तर अथेन्सच्या तेलासारखे माप भरलेले दिसेल.

२६/
आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या मेट्रोचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. करवतींच्या त्या रात्रीला बरोबर ५ वर्षे होत होती. प्रवाशांना मार्ग मिळाला आणि त्याचा उपयोग खरा आहे. त्या ५ वर्षांत, बदल्यात सुरुवातीला लावलेल्या रोपांच्या डोक्यावरून ४ उन्हाळे तरी गेले असावेत. आरेत जंगल होते की बाग, यावर इतिहासकार आणि वकील पुढेही वाद घालतील. दोन्हींना सारखेच लागते ते इतके : मार्चमध्ये आळ्यात पाणी, एप्रिलमध्ये गवत कापणारा विळा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायला येणारा माणूस.

लेखनसीमा.